सुरकुती नसलेला चेहरा

२४ जून

दवनीवाड्यात पहिला दिवस. धानाच्या बांधीत राबणाऱ्या बायकांच्या गालावरून आणि दंडाच्या आतल्या बाजूने ओला बोळा फिरवायचा, तो नळीत टाकायचा, नळी बर्फाच्या पेटीत ठेवायची. मग एक यंत्र गालावर टेकवायचं. ते कातडी जरा ओढून सोडतं आणि ती किती लवकर जागेवर येते ते दाखवतं. शेवटी फोटो. जन्मभर उन्हात राहिलेल्या कातडीवर वयाबरोबर कोणते जिवाणू टिकतात आणि कोणते निघून जातात, हे पुण्याच्या एका संस्थेला शोधायचं आहे. मी त्यांची इथली कंत्राटी सहायक.

कागदावर सोपं वाटतं. "सगळ्यांच्याच चेहऱ्यावर जिवाणू असतात" असं मी म्हटलं आणि एक बाई उठूनच गेली. "आमी आंग नाही धुवत काय?" दुसरीने विचारलं, "याची पावडर निंगते का मंग?" सह्या झाल्या, अंगठे झाले, पण कोणाला नक्की काय कळलं देव जाणे.

गोंदियाजवळ कुडव्याला घरी आले तर बाबूजींचं सुरू. "एमएस्सी करून लोकांचे गाल पुसून राहिली." या कामातून पुण्यात पीएचडीला जागा मिळेल, एवढाच माझा हिशोब. गोंदियातून बाहेर पडायचंय. तिशी आली.

२६ जून

आज एक बाई आली आणि मी आधार कार्ड दोनदा पाहिलं. धुरपताबाई, वय सत्तावन्न. चेहरा चाळिशीचाही वाटेना. कपाळ सपाट, गाल भरलेले, तुकतुकीत, जणू तेल लावून पुसलेत. तिच्याहून लहान बायकांच्या डोळ्यांभोवती जाळी झालीय. हिच्या नाही.

"मावशी, काय लावता चेहऱ्याला?"

"का लावू बाई? घाम." सगळ्या हसल्या.

बर्फाच्या पेटीतला गार बोळा लागला की बायका दचकतात, यंत्राने कातडी ओढली की "अवं माय" म्हणतात. धुरपताबाई दगडासारखी बसून राहिली. इतकं चांगलं सॅम्पल कोणीच दिलं नाही. कानाच्या पाळ्या मात्र जाड, बाळ्या रुतून बसल्यात. वयानं कान भरले, म्हणाली.

जाताना दारात थांबून विचारलं, "माहा फोटो पुन्याले जाईल?" जाईल म्हटलं. पदर सारखा करून परत आली आणि म्हणाली, मग आणखी एक काढ.

१५ जुलै

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, जोरात. बायका घरी सापडत नाहीत, म्हणून मीच बांधावर गेले. चिखलात पाय घसरून सगळ्यांसमोर बसले. दोन दिवस यावरच हसणं चालेल त्यांचं.

धुरपताबाई जेवायला बांधावर आली तेव्हा तिच्या पोटरीला जळू चिकटलेली, फुगून टम्म. रक्त घोट्यापर्यंत आलं होतं. तिला पत्ता नाही. सुनेनं, रेणूने, मीठ टाकून काढली. "आमच्या सासूले इंचू चावला तरी समजत नाही," रेणू म्हणाली. काय कणखर बायका या! मला टाचणी टोचली तरी दिवसभर कुरकुरते.

जवळून पाहिलं तर हिच्या भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्यात. तेही नोंदलं. चेहऱ्यावर वयाची तेवढी एकच खूण.

१९ ऑगस्ट

पुण्याहून पानसे मॅडमचा, आमच्या प्रकल्पप्रमुखांचा, फोन. पहिल्या सॅम्पलचे निकाल आलेत.

वय वाढलं की गालावरचं तेल आटतं, तेलावर जगणारे जिवाणू कमी होतात, त्यांच्या जागी भलतीसलती गर्दी होते. बाकी बायकांमध्ये साधारण असंच दिसलं. धुरपताबाईचा गाल कशातच बसत नाही. म्हातारीचा नाही, तरुणीचाही नाही. आणि यंत्राचे आकडे, फोटो, सगळं वेगळं.

"ही बाई म्हणजे आपला पेपर आहे, दुर्गेश्वरी," मॅडम म्हणाल्या. "तू शोधलीस. तुझं नाव त्यावर येणार."

निकालात मायकोबॅक्टेरियम कुळातल्या जिवाणूंच्या डीएनएचे थोडे तुकडेही दिसतात. मी विचारलं. त्या म्हणाल्या, चिखलात, पाण्यात ते सगळीकडे असतात, बांधीतून आले असतील, गाळून टाक. गाळून टाकले. आकृती एकदम स्वच्छ दिसायला लागली.

२० ऑगस्ट

सकाळी आरशासमोर उभी राहिले ती आईने हाक मारेपर्यंत. माझ्या डोळ्यांखाली दोन रेषा. सत्तावन्नच्या बाईला नाहीत आणि मला आहेत.

६ सप्टेंबर

धुरपताबाईला सांगून आले: तुमची कातडी खास आहे, पुण्याचे लोक चकित झालेत. काय तो चेहरा फुलला! शेजारच्या बायकांना हाका मारून बोलावलं. "माही कातडी लाखात एक हाये म्हने." मुलगा कैलाश लगेच कामाचं बोलला: "मॅडम, यातून क्रीम बनवून राहिले का? मंग आमाले का भेटंल?" मी संशोधन, ज्ञान वगैरे बोलले. त्याला पटलं नाही. मलाही धड पटलं नाही.

घरात गडबड आहे. धाकटी आचल, कैलाशची बहीण, तिचं जमलंय. मुलगा आमगावकडचा, मोबाइलचं दुकान. लग्न उन्हाळ्यात. आचल बारीक आहे, तोंडाने तिखट. मला म्हणाली, "आईची कातडी मले नाही आली ना? बाबाची आली. माहं नशीब."

धुरपताबाईने पोहे केले. गरम कढई नुसत्या हाताने उतरवली. मी ओरडले तर हसली.

२८ सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुसऱ्या सॅम्पलची तारीख ठरवायला गेले होते. धुरपताबाई चुलीपुढे बसून बोलत होती, आचलच्या सासरच्यांबद्दल. बोलता बोलता मला जळका वास आला. केस जळल्यासारखा. पाहिलं तर जळतं लाकूड सरकून तिच्या करंगळीला टेकलेलं, आणि ती माझ्याकडे बघत सांगतेय की मुलाची आई फार भली आहे.

मी हात ओढला. करंगळीची बाजू पांढरी पडली होती. "काऊन, का झालं?" ती म्हणाली. मला विचारत होती, काय झालं म्हणून.

मग एकामागून एक सगळं समोर आलं. गार बोळा. जळू. कढई. भुवया. जाड कान. गाळून टाकलेले ते तुकडे. हे मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला वाचलंय, पेपरात लिहून मार्क घेतलेत. मी म्हटलं, मावशी, डोळे मिटा, मी कुठं हात लावते ते बोट ठेवून दाखवा. कापसाचा धागा ओढून तिच्या हातावर, पायावर टेकवला. ती डोळे मिटून, हसू आवरत, वाट बघत बसली. मी टेकवत गेले आणि ती वाट बघतच राहिली. "लाव ना वं," म्हणाली.

काही न सांगता निघाले. वाटेत गाडी थांबवून पाण्याच्या बाटलीने हात धुतले. घरी येऊन परत धुतले. हातावर पाणी टाकून हा आजार जातही नाही आणि शिवण्याने असा येतही नाही, हे मला माहीत आहे. तरी धुतले. मग खोलीचं दार लावून स्वतःच्या हातावर धागा फिरवून पाहिला.

त्या आजारात चेहऱ्याच्या कातडीत जंतू सगळीकडे सारखे पसरले तर ती आतून भरते, ताणली जाते, सुरकुत्या मिटतात. पुस्तकात एका ओळीत दिलंय. मी तिला तिच्या अंगणात, सगळ्यांसमोर, लाखात एक म्हणून आले.

२९ सप्टेंबर

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शंका आहे, निदान नाही. आपण डॉक्टर नाही." ते खरं आहे. "दवाखान्यात पाठवायलाच हवं." तेही. मग म्हणाल्या, "पण औषध सुरू झालं की तिच्या कातडीवरचं सगळं बदलणार. औषधाआधीचं दुसरं सॅम्पल जगात क्वचित कोणाकडे असेल. ते घे आणि मग पाठव. इतकी वर्षं गेली, आठवड्याने काय होतं?"

मी हो म्हटलं. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं चूक आहे असं नाही.

१ ऑक्टोबर

गेले नाही. गाडीचं काम होतं.

३ ऑक्टोबर

बर्फ मिळाला नाही. बर्फाशिवाय सॅम्पल घेऊन उपयोग नाही, म्हणून गेले नाही. बाबूजी म्हणाले, आजकाल घरातच दिसतेस, काम सुटलं का? त्यांच्यावर विनाकारण ओरडले. बर्फ स्टेशनजवळ रोज मिळतो.

६ ऑक्टोबर

आज झालं.

धुरपताबाई तयार बसली होती. केस चोपून बांधलेले, नवं लुगडं. करंगळीला चिंधी, खाली जखम चिघळलेली. तिने आपणहून गाल पुढे केला. मी बोळा फिरवला, नळीत टाकला, दुसरा दंडावर, यंत्र, फोटो. सगळं नेहमीसारखं, अगदी नीट. पेटीचं झाकण लावलं. मग सांगितलं.

नाव घेताना "कुष्ठरोग" म्हटलं. तिला कळलं नाही. मग रेणूने दारातून तो जुना शब्द उच्चारला, "रगतपिती?" आणि दोन पावलं मागे सरकली.

मी भरभर बोलत राहिले. औषध फुकट असतं, वर्षभर घ्यायचं, सुरू झालं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण्याचं भय जातं, वेळेत घेतलं तर हातपाय वाचतात. धुरपताबाई ऐकत नव्हती. पेटीकडे बघत होती.

"तुले कवापासून मालूम हाये?"

"मागच्या आठवड्यापासून. शंका होती."

"अन् आज आल्यावर तू पयले माहा गाल पुसला?"

"हो," मी म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, आत गेली. कैलाश आला, त्याला रेणूने सांगितलं. "हे कोनाले बोलायचं नाही, मॅडम. बहिनीचं लग्न हाये. आमी पाहून घेऊ. तुमी आता येऊ नका." माझी गाडी त्यानेच अंगणातून बाहेर ढकलली.

नळ्या घरच्या फ्रिजमध्ये आहेत, भाजीच्या खणामागे. आईला सांगितलं हात लावू नको.

९ ऑक्टोबर

मॅडमचे मेसेज: सॅम्पल निघालं का? उत्तर दिलं नाही. दुपारी दवनीवाड्याच्या रस्त्याला लागले आणि अर्ध्यातून परत फिरले.

११ ऑक्टोबर

नळ्या जाळल्या. ठरवून केलं असं वाटत नाही. भाजी काढायला फ्रिज उघडला, त्या दिसल्या, मागच्या अंगणात घेऊन गेले. मॅडमना लिहिलं की सॅम्पल नाही. त्यांनी फोन केला, मी उचलला, त्या म्हणाल्या तुला कळतंय का तू काय केलंस. म्हटलं, नाही, नीट कळत नाही.

आता जे करायला हवं होतं ते अजून बाकीच आहे, हे मात्र कळतंय.

१४ ऑक्टोबर

सकाळी फाटकाशी स्कूटी थांबली. आचल आणि मागे धुरपताबाई, चेहऱ्यावर ओढणी गुंडाळून. बाबूजी पेपर वाचत होते.

आचल बाहेरूनच म्हणाली, "चाला, कुठं जायचं ते दाखवा. दादाले सांगून नाही आली."

"लग्नाचं?"

"माहं लग्न व्हावं म्हनून आईचे बोटं गळू देऊ काय? मंग मांडवात कोनच्या तोंडानं बसू?" मग आईकडे वळून, "उतर ना वं लवकर!"

धुरपताबाई माझ्याशी बोलली नाही. बाबूजींनी खुर्ची पुढे केली, तीही घेतली नाही. उभीच राहिली.

सरकारी दवाखान्यात चर्मरोगाच्या डॉक्टरांनी नसा चाचपल्या, कोपराजवळची दोरीसारखी जाड लागली. कानाच्या पाळीतून नमुना घेतला. ते कापतानाही ती हलली नाही. त्या डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" मी म्हटलं, ओळखीची. धुरपताबाईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

१७ ऑक्टोबर

नमुन्यात जंतू भरपूर. आज पहिला डोस, डॉक्टरांसमोर. लघवी लाल होईल, घाबरू नका, त्यातल्या एका गोळीने रंगही काळवंडेल, नंतर ओसरेल, असं त्यांनी सांगितलं. धुरपताबाईने विचारलं, "अन् चेहरा?"

डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल, मग कातडी सैल पडेल. सुरकुत्या येतील. जरा जास्तच येतील.

ती हसली. बरं हसू नव्हतं ते. "पुन्यावाल्यायले सांग," मला म्हणाली.

२९ नोव्हेंबर

घरच्या सगळ्यांची तपासणी झाली. लागण न होण्याची गोळीही दिली. कैलाश आला नव्हता, मग आला, मग माझ्याशीही बोलला, पण फक्त "हूं." आचल सांगते, रेणूने सासूचं ताट वेगळं केलं होतं. डॉक्टरांकडून आल्यावर परत एकत्र केलं, पण आधी उकळून घेते. "ते बी बंद होईल," आचल म्हणते. तिने आमगावकडच्या मुलाला फोनवर स्वतःच सगळं सांगितलं. तो चार दिवस गप्प. मग एवढंच म्हणाला, घरी बोलतो.

माझं कंत्राट वाढवलं नाही. मॅडमचा मेल फार सभ्य होता. धुरपताबाईची सगळी माहिती पेपरमधून वगळली आहे, असंही लिहिलंय. पीएचडीबद्दल एक शब्द नाही. मेल वाचून मी गाडी काढली आणि रिंगरोडवर नुसती फिरत राहिले, पेट्रोल संपत आलं तेव्हा परतले. एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम मिळतंय. घेतेय. गोंदियातच.

१८ जानेवारी

मुलाकडच्यांनी नाही म्हटलं. बापाने निरोप पाठवला, कारण दिलं नाही. आचलला भेटायला गेले तर ती बांधावर लाखोरी डाळीचं पीक पाहत होती. "रडून झालं माहं," म्हणाली. "तुमी नका सुरू करू."

कैलाश आईला बोलला म्हणे, तुझ्यापायी झालं. धुरपताबाई दोन दिवस जेवली नाही, गोळ्या फेकून दिल्या. आचलने उकिरड्यावरून पाकीट शोधून आणलं आणि तिच्यासमोर उभी राहिली. घेतली तिने गोळी. मला हे सगळं आचलने बांधावर सांगितलं. धुरपताबाई अंगणात होती, मी नमस्कार केला, तिने मान हलवली. एवढंच.

मी तिला दवाखान्यात नेलं हे बरोबर केलं. मी केलेलं बरोबर तिच्या घरात काय घेऊन आलं, तेही मी पाहिलं. हे दोन्ही एका वेळी डोक्यात धरता येत नाही. एक धरलं की दुसरं निसटतं.

२२ एप्रिल

पानसे मॅडमचा फोन, सहा महिन्यांनी. आवाज जुनाच, गोड. त्यांना आता औषध सुरू झाल्यानंतरचं सॅम्पल हवंय. "आता तर तिचं काही नुकसान नाही ना? रीतसर परवानगी घेऊ. तू विचार फक्त. तुझ्या पीएचडीचंही बोलू." मी म्हटलं, विचारते.

दिवसभर फोन हातात घेऊन ठेवत होते. लॅबमध्ये एका माणसाची नळी दुसऱ्याच्या नावाने लावली, वेळेत लक्षात आलं.

२४ एप्रिल

दवनीवाड्याला गेले. पेटी घेतली नाही, बोळेही नाही, नुसती गेले.

धुरपताबाई ओसरीवर बसून मोहाची फुलं वाळत घालत होती. मी ओळखलंच नाही क्षणभर. रंग काळसर तांबडा. गाल उतरलेले, कपाळावर आडव्या रेघा, डोळ्यांच्या कडेला आणि तोंडाभोवती कातडी बारीक चुण्यांनी भरलेली. सहा महिन्यांत वीस वर्षं आली तिच्यावर. हातमोज्यासारखं कापड बांधून काम करत होती, चटका लागू नये म्हणून. दवाखान्यात शिकवलंय. करंगळी भरून आलीय, थोडी वाकडी.

"बस," म्हणाली. तिच्या तोंडून माझ्यासाठी ऑक्टोबरनंतर आलेला पहिला शब्द.

मी सगळं सरळ सांगितलं. पुण्याला काय हवंय, कशासाठी हवंय, त्यातून तिला काहीच मिळणार नाही, मला मात्र मिळू शकतं. या वेळी काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर म्हटलं, "नाही म्हणालात तरी चालतं मावशी."

ती फुलं पसरत राहिली. आतून रेणूने चहा आणला, एकाच तबकात तीन कप, आणि तीही टेकली. मग धुरपताबाईने कापड सोडून हात मोकळा केला आणि आपल्या गालावरून फिरवला, वरून खाली, जणू कोणाच्या तरी दुसऱ्याच्या गालावरून.

"तो चेहरा माहा नव्हता," म्हणाली. "तो त्या रोगाचा होता. तो तुमी नेला, फोटू काढला, पुन्याले पाठवला. ठीक हाये." तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडा चुरगळल्या, ती हसत होती की ऊन लागत होतं ते मला सांगता येणार नाही. "पन हा माहा हाये. लय दिवसानं आला घरी. हा कोनाले देत नाही मी."

"बरं," मी म्हटलं.

"राग आला?"

"नाही जी."

"मंग चाय पी. थंडी होऊन राहिली."

अंगणातूनच मॅडमना लिहिलं: बाईंनी नकार दिला आहे. त्यांनी लगेच विचारलं, कारण? मी फोन बंद करून पदराखाली ठेवला आणि धुरपताबाईच्या शेजारी बसून फुलं पसरायला लागले. ती म्हणाली, अशी नाही, पातळ टाक. मी पातळ टाकली.